कप्तानाचा माइक

३ डिसेंबर, सकाळी
ठरलं. २८ तारखेला भाट्याच्या किनाऱ्यावर आपल्या बँडचा पहिला शो. बँडचं नाव 'परतीचं इंधन'. लहानपणी टीव्हीवर 'नवग्रह मोहीम' लागायची, तिच्यावरच सगळी गाणी. शार्दूल गिटार, आर्या कीबोर्ड. त्यांनी ती मालिका मोबाइलवर पाहिली, मी शेजाऱ्यांच्या खिडकीबाहेर उभा राहून पाहिली. म्हणून त्यातल्या यानाच्या कप्तानाचं गाणं मीच म्हणणार. कोणी विरोध केला नाही. गोडाऊन माझं, साउंड सिस्टिम माझी, हा निव्वळ योगायोग.
संकल्प: महिनाभर दही, ताक, सोलकढी बंद.

४ डिसेंबर
सोलकढी घेतली. कोकम घशाला वाईट असं कुठेही लिहिलेलं नाही.

७ डिसेंबर
मालगुंडला लग्नात साउंडची ऑर्डर. नवऱ्याचे मामा गाणार म्हणून हटून बसले. दोन ओळी ऐकल्या आणि मी कान खाजवला. लवू अठरा वर्षं माझ्याकडे मिक्सरवर आहे, त्याला खूण पुरते. मामांच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर चालू, मांडवातले स्पीकर बंद. मामांना स्वतःचा आवाज ऐकू येत राहतो, पाहुण्यांना सनई. शेवटी मामांनी रडत मला मिठी मारली. युक्ती माझीच. यात फसवणूक नाही, सेवा आहे.

१२ डिसेंबर
कप्तानाचं गाणं लिहून झालं. यानात परतीपुरतं इंधन उरत नाही, तो भाग. 'पृथ्वीला सांगा, जेवून घ्या, मला उशीर होईल.' आर्याने दोनदा वाचलं. मग म्हणाली, काका, तुम्ही लिहीतच जा, गाऊन मी बघते. मुलगी गुणी आहे, पण कप्तान पुरुष होता हे समजावलं. शार्दूल उगाच गिटार ट्यून करत बसला. आधीच ट्यून होती, माझ्या कानाला कळतं.

२१ डिसेंबर
सरावाला कोणी नाही. शार्दूलला ताप, आर्याकडे पाहुणे. तिला फोन केला तर मागे गिटार चालू. शार्दूलचीच, तिसरी तार किंचित उतरलेली. अंगात ताप असून सराव. याला निष्ठा म्हणतात.
बायको, उमा, दिवसभर बाहेर. येताना डब्यात उरलेला शिरा घेऊन आली. दोनदा मागून खाल्ला.

२८ डिसेंबर, शोनंतर
जिंकलो. डोळे मिटून गायलो. मॉनिटरवर असा आवाज आला की माझ्याच अंगावर काटा. उमा पहिल्या रांगेत होती. सुरू केलं तेवढ्यात तिचा हात कानाकडे गेला. सुरूच्या बनात डास फार.
नंतर लोक येऊन म्हणाले, साउंड एक नंबर. गाण्याबद्दल कोणी बोललं नाही. भारावलेला माणूस आधी यंत्राचीच स्तुती करतो.

२९ डिसेंबर
रेकॉर्डिंग ऐकलं. गिटार आहे. लाटा आहेत. कोणी चिवड्याची पुडी फोडली, तीही आहे. मी दीड ओळ आहे. पुढे आर्या आहे. अख्खं गाणं, न चुकता, पाठ केलेलं. टाळ्या बराच वेळ.
वायर सैल असणार.

३० डिसेंबर
वायर सैल नव्हती.
लवूला विचारलं. केबल गुंडाळत होता, मान वर केलीन नाही. म्हणाला, शेट, वहिनींनी कान खाजवलान. म्हटलं, अरे पण मी होतो. तर म्हणे, खूण शिकवलीत, कोणाला वगळायचं ते कुठे सांगितलंत.
उमाला विचारलं. म्हणाली, पंचवीस वर्षं न्हाणीघरातलं ऐकत्ये, कधी बोलल्ये का? पण किनाऱ्यावर माझ्या माहेरची माणसं होती. २१ तारखेला आर्याकडे सगळ्यांचं ठरलं. लवूसुद्धा होता. शिरा हिनेच करून नेला होता.
तो शिरा.
संकल्प: बँड कायमचा बंद. गोडाऊनला कुलूप.

१ जानेवारी
कुलूप लावलं. किल्ली शार्दूलकडे दिली. त्याची गिटार आत राहिली होती.

४ जानेवारी
दापोलीला एकसष्टीची ऑर्डर. ज्यांची एकसष्टी, तेच गाणार म्हणाले. लवूला बजावलं, यापुढे आपल्याकडे ते होणार नाही. सगळे स्पीकर चालू, शेवटपर्यंत. गाऊ दे माणसाला.
त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं.
दुसऱ्या ओळीला लवू माझ्याकडे बघत होता. माझा हात कानावर होता.