मुरगूडकडचे गुडघे

कसबा बावडा,
रविवार, दि. ४ नोव्हेंबर १९७३.
सकाळचे साडेसात. आईच्या गुडघ्यांना एरंडाची पाने शेकून बांधली आणि हात पुसून लिहायला बसलो.

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आईखेरीज इकडे सर्व ठीक. भावोजी व मुले खुशाल असतील.

काल आईला शहरात हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. दुखतात गुडघे, पण त्यांनी आधी बोटे पाहिली. टोकाच्या पेरांवर वाटाण्याएवढ्या गाठी आहेत, त्या दाबून विचारले, की तुमच्या आईला, भावंडांना अशा होत्या का. आई म्हणाली, न्हाय, कुणालाच न्हाय. मी शेजारीच उभा होतो. आज्जी शेवटी परसात सरकत जायची, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. डॉक्टर म्हणाले, सांध्यांची ही झीज कित्येक घरांत रक्तातून उतरते. सगळ्यांना होतेच असे नाही, वय, वजन आणि कामाचाही भाग असतो. पण घरची हकीकत खरी कळायला हवी.

बाहेर येऊन खोटे का बोललीस म्हटले, तर माझ्यावरच डाफरली, की माघात भावाची पोर सून करून आणायची, आन् आता गावभर दवंडी पिटू व्हय?

तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. आई म्हणते गुडघे फरशीने गेले. आज्जीचे म्हणे जात्याने गेले. मावशी बाळंतपणातला वारा सांगते. आण्णामामा म्हणतात गाडीवरून पडलो. चौघांची चार कारणे आणि चाल एकच. मामाची मुलगी हक्काची म्हणून मालन मला देतात, की बाहेरच्या पाहुण्यांना कळू नये म्हणून घरातल्या घरात देतात? तुला ठाऊक असेल ते न लपवता लिही.

लोभ आहे तो उणा होऊ देऊ नकोस.
तुझा,
जोतीराम


वारणानगर,
दि. ९ नोव्हेंबर १९७३.

चि. जोतीरामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे अक्षर नेहमीसारखे सुरेख आणि डोके नेहमीसारखे किडे पडलेले. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलतोस, तशी आता माणसे तोलायला लागलास व्हय? तुझे भावोजी म्हणाले, मेव्हण्याला नवरी नको, जामीन राहणारा माणूस पाहिजे.

आज्जीचे म्हणशील तर खरे आहे. मी लहान होते तेव्हा आजोळी मुरगूडला पाहुणे यायचे असले, की आज्जीला आधीच पाटावर बसवून ठेवायचे आणि पाहुणे जाईपर्यंत उठू द्यायचे नाही. तिचे उठणे कुणाला दिसू नये म्हणून. मामाचे मात्र मला माहीत नाही. मनात असेल ते त्यांनाच सरळ विचार. मालनलाही विचार, तिला तोंड आहे. चोरासारखा टेहळत फिरू नकोस.

आईला जप. रागावू नकोस, बोलणारी मीच आहे.
तुझी,
आक्का


कसबा बावडा,
दि. १९ नोव्हेंबर १९७३.

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल मुरगूडला जाऊन आलो. मामा लांबूनच ओरडले, की या पावणं, हक्काचं दार हाय, इचारताय कशाला! पण बसल्या जागेवरून ओरडले, उठले नाहीत. त्यांची बोटे पाहिली. आईसारखीच आहेत. विचारायचे धाडस झाले नाही.

सोप्यात भुईमुगाच्या शेंगांची पाटी होती, ती माझ्या धक्क्याने सांडली. मालनने उकिडवे बसून सगळ्या शेंगा वेचल्या आणि गुडघ्याला हात न लावता उठली. बोटेही सरळ आहेत. पण ती एकोणीस वर्षांची. आईचेही चाळिशीनंतरच सुरू झाले. पुढचे कोण सांगणार? आईला म्हटले, तारीख पुढे ढकलू. ती रात्री जेवली नाही.

माझे चुकते आहे का, ते कळव. तुझ्या शब्दाचा आधार आहे.
तुझा,
जोतीराम


वारणानगर,
दि. २ डिसेंबर १९७३.

चि. जोतीरामास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

धाकटीच्या जावळाला मामी आणि मालन आल्या होत्या. मामी देवळात गेल्यावर मालनने मला चुलीपाशी गाठले. म्हणाली, आक्का, त्यांनी पाटी पायानं लोटली. म्या बघितलं, तरी गप वेचत बसले, म्हटलं बघू तर काय करत्यात. ते बी वेचू लागले. आन् उठताना खांबाला धरून उठले. माझ्या बाचं आन् त्यांच्या आईचं रक्त एकच. मग मला तपासाय आले, त्यांना कोण तपासणार? दोन्हीकडनं तेच हाड आलं तर पोरांनी काय करावं?

या लग्नाला तिचा नकार आहे. पण तो त्यासाठी नाही, हेही तिनेच सांगितले. हाडाचं दोघांनी मिळून सोसलं असतं म्हणाली, पण जो माणूस तोंडानं इचारायचं सोडून शेंगा सांडतो, त्याच्याकडनं म्हातारपणी गुडघे कोण चोळून घेणार?

तिने घरी नाही म्हणून सांगितले आहे. आणि दुसरे कुणी बघायला आले तर गुडघ्यांचे मी आधीच सांगणार, असेही. मामा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी गाडीवरनं कधी पडलोच न्हवतो.

वाईट वाटून घेऊ नकोस असे मी लिहिणार नाही. वाटू दे. माया आहे तशीच आहे.
तुझी,
आक्का


कसबा बावडा,
दि. ८ डिसेंबर १९७३.

ती. सौ. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आईला वाचून दाखवले. ती रडली, आणि मग आपणहून म्हणाली, चल त्या डॉक्टरकडं. आज गेलो. आज्जीचे, मावशीचे, मामाचे, सगळे तिने सांगितले. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारले, की तुम्हाला काही त्रास? मी म्हणालो, नाही.

फाटकापर्यंत आलो. आईला बाकावर बसवले आणि एकटा परत आत गेलो. सांगितले, की मे महिन्यापासून सकाळी उठताना उजवा गुडघा धरतो. त्यांनी वाकवून पाहिला. म्हणाले, रोज सायकल मारता त्याचेही असेल, या वयात नक्की सांगता येत नाही, लक्ष ठेवा.

हे मालनला माझ्या नावाने कळव. तिने नकार बदलावा म्हणून नव्हे. तिच्या वडिलांचे तिला कळले, माझे तिला कुणी सांगितले नव्हते.

लोभ राहील तेवढा राहू दे.
तुझा,
जोतीराम