गेज शून्यावर, हात वर

धुळे, कॉलेजचं वसतिगृह

ती. कोकिळाकाकू,

पुतणी डिंपलचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? फोनच केला असता, पण तू स्पीकर लावतेस आणि बठ्ठं असोदा गाव ऐकतं. म्हणून आजच गावी निघालेल्या वनाभाऊंच्या हाती हे पत्र.

काल स्पर्धेआधीची आमच्या रोबोची तपासणी झाली. त्याचा हात हवेच्या दाबावर हलतो, आणि त्या हवेचे नियम म्हणजे सासुरवासच: सिलिंडर विकतचाच, त्याला भोक पाडायचं नाही, टाकीवर कारखान्याचा शिक्का हवा, तपासणीआधी सगळी हवा सोडून गेजचा काटा शून्यावर आणायचा. आम्ही सगळं पाळलं. जुना फक्त हवा भरायचा पंप, आपल्या नानाआजोबांचा, ट्रॅक्टरच्या टायरचा (तो रोबोवर बसत नाही, म्हणून चालतो).

तपासनीस प्रेमराज सरांसमोर मी हवा सोडली. काटा शून्यावर. आणि काकू, हात वर गेला! सावकाश. वर थांबून त्याने दोन बोटं दोनदा वाकवली. नाना बाजेवर बसून चहा मागायचे ना, अगदी तस्सं. सरांनी नळ्या काढायला लावल्या, काढल्या, तरी बोटं वाकतच होती. शेवटी माझी जोडीदारीण आयुषी (दाणाबाजारातल्या चंपालालशेठची नात, भुताला भीत नाही, पण चहात वाटेकरी चालत नाही) हिने आपला कप समोर ठेवला, तेव्हा कुठे हात खाली आला. कपाला कोणी शिवलं नाही. चहा मात्र अर्धा झाला होता. सर नियमावली चाळत बसले. भाग कुठले वापरायचे यावर पानंच्या पानं, हवा कोणाची यावर अवाक्षर नाही! उद्या पुन्हा तपासणी आहे. काटा शून्यावर असताना हात हलला तर आम्ही बाद, वर्षभराची मेहनत पाण्यात.

चूक आपलीच गं. नाना गेल्यानंतरची पहिली आखाजी, पितरांना जेवू घालायचा सण, आणि माझ्या रोबोच्या घाईत आपण त्यांच्या नावाने आगारीच्या निखाऱ्यांवर काय टाकलं? बाजारचं श्रीखंड! जन्मभर त्याला नाक मुरडलं त्या माणसाने.

तुझी,
डिंपल

ता. क. आज संध्याकाळीच खापरावरचे मांडे आणि आमरस कर, काकांना आगारी टाकायला लाव. नाना जेवले की हात गप्प बसेल.

पुन्हा ता. क. मांडे करू नकोस. आत्ता हे पाकीट चिकटवत होते तर शेजारी ठेवलेल्या रोबोचा हात पुन्हा वर आला, आणि चहा न मागता माझ्या डोक्यावर टेकला. बाद तर बाद. परत येताना वनाभाऊंबरोबर चहापत्ती तेवढी पाठव, आयुषी कुरकुरतेय. मांडे वाढलेस तर नाना पोटभर जेवून जातील, आणि मला ते एवढ्यात जायला नकोत.