इंग्रजीच्या रकान्यातली रेघ

शुक्रवार, १४ जुलै १९९५. सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. रोहा स्टेशनच्या बाकावर, घरी, जिते गावाला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत लिहितो आहे.

आजही कॉलेजच्या निकालफलकावर माझ्या नावापुढे, इंग्रजीच्या रकान्यात, तीच आडवी रेघ. नापास नाही, पास नाही. पेपर तर दिला होता. मग गुण गेले कुठे? तिसऱ्या वर्षाचे प्रवेश उद्या बंद होतात.

गेल्या वर्षी अशी रेघ आलेल्या तिघांना घेऊन भरतदादा विद्यापीठात गेला होता. तिथल्या साहेबाच्या टेबलासमोर बसून राहिला आणि निकाल घेऊनच परतला. तो विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला प्रतिनिधी होता. आता निवडणुका बंद. वर्गात पहिला येईल तोच प्रतिनिधी, असा नवा कायदा. निवडणुकीतल्या मारामाऱ्या थांबतील, असे मलाही वाटले होते.

आमची नवी प्रतिनिधी सुनीता. तिला रेघ दाखवली. बिचारी खरेच गोंधळली. "माझा निकाल कधी अडकलाच नाही रे. अशा वेळी कुणाला भेटतात?"

भरतदादा गेटवर भेटला. "मी येऊन काय करू? शिपाई विचारंल, तू कोन? पयला नंबर काढाया पायजे होता मी!" तो हसला. मला हसू आले नाही.

रेघ आलेल्यांच्या बाजूने आता बोलणार कोण? कुणीच नाही?

बाबा म्हणतात, धरमतर बंदरात मालाच्या बार्जवर कामाला माणसे घेत आहेत.

खर्च: तिकीट पाच रुपये, चहा दीड रुपया. देणे: मामाचे दोनशे रुपये, तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी आणलेले. मोडलेले नाहीत. उद्या परत करायचे.