पोतंभर छोटे कांदे आणि एक कवळी

६ नोव्हेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. आईंना काय खायला द्यावं, केव्हा द्यावं आणि देताना माझा चेहरा कसा असावा, हे सगळं सविस्तर समजलं. एवढं मार्गदर्शन लाभल्यावर आईंनी एव्हाना जेवायला सुरुवात करायला हवी होती. पण ते पत्र त्यांना वाचून दाखवायचं धाडस मला झालं नाही. गुण आला नाही तो बहुतेक त्यामुळेच.

आता खरी हकिगत. डॉक्टरांनी आईंचे उरलेसुरले सगळे दात काढले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येणार नाही, म्हणजे ऐन थंडी मऊ अन्नावर काढायची. मी सूप केलं, बटाटे कुस्करले, दुधात पाव भिजवला. आई वाटी एका बोटाने पुढे सरकवतात. ती टेबलाच्या कडेला पोहोचली की मी पकडते. आमच्या घरात सध्या एवढा एकच खेळ चालतो.

जेवणापेक्षा मोठं दुखणं बोलण्याचं आहे. ज्या बाईने सगळी नोकरी स्टेशनच्या माइकसमोर काढली, जिच्या आवाजावर माणसं बॅगा उचलून धावत सुटायची, तिने परवा साखर मागितली आणि तोंडातून ‘फाखर’ बाहेर आलं. दूधवाला दारात होता. तो हसला. तेव्हापासून आईंच्या तोंडावर रुमाल आहे आणि आवाज बंद. फोन त्यांच्या खुर्चीला लागूनच आहे. तो वाजतो तेव्हा त्या त्याच्याकडे असं बघतात, जणू शेजाऱ्यांचा वाजतोय. म्हणून पत्र लिहिते. फोनवर त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलणं मला जमणार नाही.

तुमचे बंधू ठीक आहेत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोन मजल्यांच्या मध्ये अडकून शांत राहायची सवय असते. घरातही ते तसेच राहतात, ना आईच्या मजल्यावर ना बायकोच्या.

बाकी क्षेम. तुमचा लोभ पत्राच्या लांबीवरून मोजते, तेव्हा काळजी नाही.

आपली,
धाकटी


१४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तुझा विनोद शाबूत आहे हे पाहून बरं वाटलं. आईचं वजन शाबूत असतं तर आणखी बरं वाटलं असतं.

मी वसतिगृहाची रेक्टर आहे. माझ्याकडे इतक्या मुली जेवतात आणि आजवर एकीनेही वाटी सरकवलेली नाही, कारण सरकवायला टेबलावर जागाच नसते. प्रश्न शिस्तीचा आहे. तू दिवसभर लॅबमध्ये बसून लोकांच्या कवळ्या घडवतेस, सगळ्या गावाची तोंडं सांभाळतेस. घरातल्या एका तोंडाकडे बघायला सवड कुठून मिळणार, हे मी समजू शकते.

तिकडे येणाऱ्या एका ट्रकबरोबर पोतं पाठवते आहे. आमच्या मागच्या बागेतले छोटे कांदे, उन्हाळ्यात काढून वाळवून ठेवलेले. आतून लसणासारखे जोडीजोडीने निघतात. इथली स्वयंपाकीण म्हणते की एवढेसे कांदे सोलत बसायला तिला दुसरा जन्म घ्यावा लागेल. आईला जेवताना कच्चा कांदा कचाकचा चावायची सवय. ते आता शक्य नाही. पण हे कांदे मंद आचेवर ठेवले की लोण्यासारखे होतात, त्यांना दात लागत नाहीत. धीर लागतो. तेवढा तू कुठूनतरी आण.

आणि नीट ऐक. जानेवारीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर मी येऊन आईला घेऊन जाईन. इथे मोठी खोली आहे, डॉक्टर जवळ आहे. तुझ्यावरचा भार हलका होईल.

बंधुराजांना आशीर्वाद. ते नेमके कुठल्या मजल्यावर असतील तिथे पोहोचव.

तुझी,
ताई


२ डिसेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पोतं पोहोचलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट बंद असणं हा आमच्या घराण्याचा मान आहे. तुमच्या बंधूंनी ते पाठीवरून वर आणलं आणि कांदा या वस्तूबद्दल माझ्याशी आयुष्यात प्रथमच मनमोकळं बोलले.

आई खुर्चीतून उठल्या. पोत्यावर तुमच्या अक्षरात त्यांचं नाव होतं, त्यावरून हात फिरवला, रुमाल डोळ्यांना लावला. कांद्यामुळे डोळे झोंबतात असं मला खुणेने सांगितलं. पोतं तोपर्यंत शिवलेलंच होतं.

मग त्यांनी पोतं फोडलं, सुरी घेतली आणि सोलायला बसल्या. सोलायला दात लागत नाहीत आणि बोलावंही लागत नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं की नुसताच योग, ते तुम्हालाच ठाऊक. मी गरम पाण्यात भिजवून घेऊ म्हटलं, सालं लवकर सुटतात म्हणून. माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी परत ओतून दिलं.

संध्याकाळी जाड बुडाच्या कढईत लोणी घालून मी ते परतायला लागले. आईंनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं, आच अगदी बारीक केली, चिमूटभर साखर आणि थेंबभर सिरका घातला, वर झाकण ठेवलं आणि शेजारी स्टूल ओढून बसल्या. पुष्कळ वेळाने झाकण उघडलं तर कांदे मधाच्या रंगाचे, चमचा टेकवला की फुटणारे. कुस्करलेल्या भोपळ्यावर घालून त्यांनी वाटी संपवली. माझ्यासाठी ठेवले नाहीत. मला राग यायला हवा होता.

त्यानंतर रोज काहीतरी होतंय. सालासकट ओव्हनमध्ये भाजून आतला गर पिळून घ्यायचा आणि पावावर फासायचा. दुधातलं सूप. अंड्यांखाली पसरलेला मऊ थर. बाहेर धुकं, आत काचांवर वाफ, आणि स्वयंपाकघर आता माझं नाही. मी फक्त तिथे नोकरीला आहे. माझं काही चुकलं की आई चमचा कढईवर वाजवतात. सध्या घरात घंटानाद चालू आहे म्हणा.

गाल जरा भरलेत. आणि आमच्या लॅबच्या मालकांनी आईंची कवळी मलाच करू द्यायचं कबूल केलंय. माप द्यायला बसल्या तेव्हा माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

लोभ आहे हे पोत्याच्या वजनावरून कळलं. तो असाच राहावा, पण पुढच्या वेळी हलका पाठवावा.

आपली,
धाकटी


१२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आई जेवते आहे हे वाचून समाधान वाटलं. कांदे माझे होते, हे कुणी विसरू नये एवढीच अपेक्षा.

तरीही मी जानेवारीत येते आहे आणि आईला घेऊन जाते आहे. तू नोकरी करतेस, बंधुराज लिफ्टमध्ये असतात, ती दिवसभर एकटी. इथे माणसांचा राबता आहे. उन्हाळ्यात मी निवृत्त होईन, मग वेळच वेळ. ट्रंक भरून ठेव. वाईट वाटून घेऊ नकोस. वाटण्याचं कारण नाही, असं मला वाटतं.

तुझी,
ताई


९ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही येताय हे ऐकून आनंद झाला. लग्न झाल्यापासून मला एकटीच्या मालकीचं स्वयंपाकघर हवं होतं. अखेर देवाने ऐकलं, तुमच्यामार्फत.

ट्रंक भरली. मग काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा उपसली. काय राहिलं होतं ते आठवलं नाही, तेव्हा तशीच पुन्हा भरली.

कवळीचं सांगते. मेणावर दात बसवून पहिल्यांदा घालून पाहिली तर ‘स’ म्हणताना शिट्टी वाजली. आईंनी ती तोंडातून काढून सुपाच्या वाटीत बुडवली आणि वाटी सरकवली. मी कडेला पकडली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या अल्बममधला माइकसमोरचा फोटो लॅबमध्ये नेला. त्यांचे पुढचे दात किंचित आत वळलेले होते. मी ते सुरेख सरळ रांगेत लावून ठेवले होते, शाळेच्या प्रार्थनेसारखे. पुन्हा मोडले, त्यांचे होते तसे लावले.

पक्की कवळी घरी आली तसा सराव सुरू झाला. शेगडीपाशी उभ्या राहून, माझ्याकडे पाठ करून. साखर. सिरका. सूप. मी काही ऐकतच नाही असं दाखवत कांदे चिरत राहायचे. परवा अचानक ‘साखर’ अशी आली, की मी सुरी खाली ठेवली. त्यांनीही मागे वळून पाहिलं. त्या दिवशी कांदे करपले, आणि तुमच्या बंधूंनी करपलेलेच जास्त चांगले लागतात असं जाहीर केलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच कुठल्यातरी बाजूने मत दिलं.

तर या. आई धडधाकट आहेत, तोंडात दात आहेत, नेण्याजोग्या झाल्या आहेत. माणूस दुरुस्त करून ताब्यात देण्याचं काम माझ्या ओळखीचंच आहे.

आपली,
धाकटी


२८ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आम्ही सुखरूप पोहोचलो. आई मजेत आहे. मी नाही. जे झालं ते तू पाहिलंस, पण निम्म्यातून उठून गेलीस, म्हणून उरलेलं लिहिते.

तुम्ही दोघींनी ओव्हनमधून ते कांद्यांचं ताट काढलंत, खाली मऊ कांदे आणि वर कुरकुरीत पापुद्रा. आई बसली, पापुद्रा चावला. तो आवाज मी दारापाशी ऐकला. मी माझ्या सवयीने ओट्याला टेकून, हातात बशी धरून, उभ्या उभ्या खात होते. वसतिगृहात मी असंच खाते. मुलींवर नजर ठेवावी लागते. तुम्ही वाढून घेईपर्यंत माझं संपलंसुद्धा होतं. आई माझ्याकडे बघत राहिली.

मी भाषण तयार करून आणलं होतं. तिने ते होऊ दिलं नाही. चमचा ठेवला आणि भर स्टेशनात उभी असल्यासारखी स्वच्छ, खणखणीत बोलली, की ट्रंक आण, मी हिच्याकडे जाते. तू छान म्हणालीस आणि कढई घासायला गेलीस. ती कढई घासलेलीच होती. मला वाटलं, मी जिंकले.

गाडीत आईने मला वस्तुस्थिती समजावली. तिने आठवडाभर एक वाक्य पाठ केलं होतं, ते म्हणे असं, की मी सुनेसोबतच राहणार, सगळं सामान सोड. मुद्दाम ‘स’ भरून घातले होते. पण मला उभ्याने गिळताना पाहिलं आणि वाक्य बदललं. म्हणाली, तिथे माझ्याकडे बघायला माणूस आहे, तुझ्याकडे बघायला कोण आहे. मी तिला सांभाळायला आणलं अशी माझी समजूत होती. ती मला सांभाळायला आली आहे.

आता मला रोज खुर्चीवर बसावं लागतं. आधी उठले तर ती चमचा वाजवते. स्वयंपाकिणीची आच तिने कमी केली आणि तिच्याकडून कांदे सोलून घेतले. याच जन्मात. काल मी सबंध जेवण गरम जेवले. अशी सवय लागली तर निवृत्तीनंतर माझं काय होईल कळत नाही.

तुझी,
ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून अतिशय आनंद झाला. तुम्ही गरम जेवता. आम्हीही जेवतो, थंड का होईना.

स्वयंपाकघर आता पूर्ण माझं आहे. फार प्रशस्त आहे. इतकं असेल असं वाटलं नव्हतं. रविवारी उरलेले कांदे काढले, आच बारीक ठेवली, साखर, सिरका, सगळं त्यांच्यासारखं केलं आणि ते उत्तम झाले. चूक काढायला कुणी नव्हतं. दुसऱ्यांदा मुद्दाम आच मोठी ठेवून पाहिली. तरी कढई वाजली नाही. तुमच्या बंधूंनी माझ्याकडे पाहिलं आणि चमचा उचलून एकदा हळूच वाजवला. मग दोघांनी जेवून घेतलं.

ते वाक्य त्यांनी पाठ केलं होतं, हे तुम्ही कळवलंत. कळवलं नसतंत तरी चाललं असतं. पण कळवलंत ते बरं झालं.

आता एक कामाचं. दात काढल्यावर पहिलं वर्षभर हिरड्या आकसत जातात, त्यामुळे कवळी सैल होते. ती आतून पुन्हा भरून घ्यावी लागते. तिथल्या कुणाला तिला हात लावू देऊ नका. वाकडे दात दिसले की लोक सरळ करायला बघतात. मी केली आहे, मीच नीट करेन. जरा जरी सैल वाटली तर आईंना ताबडतोब इकडे आणावं लागेल. हे शास्त्र आहे. यात माझा काही हेतू नाही.

तुमच्या पत्रांची सवय लागली आहे, हे वाचल्यावर विसरून जावं.

आपली,
धाकटी


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातून घेतलं, शेवटचा परिच्छेद स्वतः पुन्हा वाचला आणि मला सांगितलं की कवळी फार सैल झाली आहे, बोलताही येत नाही. हे तिने इतकं स्पष्ट सांगितलं की मागच्या खोलीतल्या मुली जिन्यावर आल्या.

मी तिच्यादेखत कवळी हलवून पाहिली. तसूभरही हलत नाही.

शनिवारच्या गाडीची तिकिटं काढली आहेत, दोन. मी आठवडाभर रजा घेतली आहे, गेल्या कित्येक वर्षांत पहिली. स्टेशनवर येऊ नका, आईला रस्ता ठाऊक आहे. टेबलाशी एक खुर्ची जास्तीची ठेव. मी बसून जेवते.

तुझी,
ताई