अस्तराचा कोट

सोमवार

ती. दादास साष्टांग नमस्कार.

एका जादा पाळीची किंमत मांडून पाहिली. भत्त्यात धाकटीचे बूट आले आणि नवरा गेला. हे गाडी घेऊन निघाले तेव्हा मुलूख एकच होता. परतायच्या आत दोन राज्यं झाली, पुलावर फाटक बसलं. आता गाडी पलीकडे जाते, पण पुलावर इंजिन आणि चालक दोन्ही बदलतात. तेवढ्यात चालक एकमेकांना निरोप सांगतात, म्हणून कळलं. हे पलीकडच्या यार्डातल्या खोपटात झोपतात, खोकला थांबत नाही, अंगावर तोच मळका सदरा. परवान्याशिवाय सोडत नाहीत. ही थंडी ह्यांच्याने निघणार नाही, दादा. काहीतरी कर, जीव टांगणीला लागलाय.

धाकटीवर आणि माझ्यावर लक्ष असू दे.
तुझी बिट्टी

शुक्रवार

चि. सौ. बिट्टीस अनेक आशीर्वाद.

रडूबाई, डोळे पूस. फुटपाथवर काजं करणारा तुझा दादा आज सरकारी शिंपी आहे, उगाच नाही! आपल्या रेल्वेचे नवे गणवेश माझ्याच दुकानात शिवतात. त्यातलाच एक कोट मेहुणेबुवांसाठी अस्तर लावून शिवलाय. माप तुझ्या लग्नातलं. सुटलेलं पोट जमेस धरलेलं नाही. पितळी बटणं, खांद्यावर आपल्या राज्याचं चिन्ह. निरोप्या चालकाच्या हाती पाठव. हा घालून ताठ मानेनं फाटकावर येऊ देत. अंगाला हात लावायची कुणाची छाती होणार नाही, उलट सलाम ठोकतील. तुझी वहिनी म्हणते, साधं कांबळं पाठवा. तिला राज्यकारभारातलं काय कळतंय!

भाचीला मामाचा पापा. माया आहेच, ती वाढव.
तुझा दादा

बुधवार

ती. दादास नमस्कार.

कोट अंगाला चपखल बसला. चालक सांगत होता, कितीतरी दिवसांनी हे हसले. रविवारी अडकलेले सगळे चालक विनवणी करायला फाटकावर गेले. हे सगळ्यांच्या पुढे, तू सांगितलंस तसेच ताठ. पलीकडच्या पहारेकऱ्यांनी खांद्यावरचं आपलं चिन्ह पाहिलं आणि हेर म्हणून ह्यांना आत नेलं. कुठे ठेवलंय, कुणी सांगत नाही. खोकल्याचं औषध घेऊन मी फाटकाशी उभी राहते, तर हाकलतात. दादा, तुझ्यावर रागवायचंही त्राण नाही. ज्या साहेबांचे कोट शिवतोस त्यांचे पाय धर, पण ह्यांना शोध.

आता तुझ्याशिवाय कुणी नाही, एवढं मनात ठेव.
तुझी बिट्टी

ता. क. मळक्या सदऱ्यांतले बाकीचे तीन चालक त्याच दुपारी सुटून घरी आले.