माझ्या कोडला हात लावू नये

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या मागे काहीतरी लेखी राहिलेलं बरं.

साहेबांनी बोलावलं. मशीन पुन्हा चालता चालता कोसळतंय, खोट कर्नेलमधल्या माझ्या भागात आहे आणि महिनाअखेर दुरुस्त झाली नाही तर तो भागच काढून टाकू, म्हणाले. हसू आलं. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि त्या गाभ्याचा गाभा म्हणजे माझा कोड. तो काढला तर मशीनमध्ये उरणार काय, पंखा? दोन दिवसांचं काम आहे.

५ मार्च
बायकोने विचारलं, नेमकं बिघडलंय काय. सोप्या भाषेत सांगितलं. मेमरीतल्या प्रत्येक वस्तूवर एक आकडा असतो: ती किती जण वापरतायत. वापरायला घेतली की एकने वाढवायचा, सोडली की एकने कमी करायचा. शून्य झाला की वस्तू मोडीत. कोणीतरी एकदा जास्तच कमी करतोय, त्यामुळे वापरातली वस्तू मोडीत निघते आणि मशीन आडवं होतं. ती म्हणाली, मग ज्याने कमी केलं त्यालाच विचार ना. हिला सगळं सोपंच वाटतं.

७ मार्च
संशयित सापडला. मौनीबुवा. समोरच्या टेबलावर बसतो, कोणाशी बोलत नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. सकाळपासून त्याचा कोड वाचला. एकही चूक नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

११ मार्च
यश! आकडा बदलला की स्क्रीनवर छापायचं, अशा ओळी जागोजागी टाकल्या. मशीन कोसळायचंच थांबलं. मी नुसतं बघायला लागलो तरी बगची बोबडी वळते. साहेबांना मेल टाकला: काम फत्ते, नेहमीप्रमाणे.

१२ मार्च
साहेब म्हणाले, त्या ओळी काढा, मशीन मुंगीच्या पावलांनी चालतंय. काढल्या. चहा घेऊन येतो तोवर मशीन आडवं.

मौनीबुवा बोलला. छापण्यात वेळ जातो, त्यामुळे दोन कामांची टक्कर टळते, चूक आहे तिथेच आहे, असं त्याचं म्हणणं. मला ठाऊकच होतं. त्याने फक्त आधी उच्चारलं.

१५ मार्च
जालीम उपाय केला. प्रत्येक वस्तूचा आकडा सुरुवातीलाच एकने जास्त ठेवला. आता शून्य होतोय कशाला? वस्तू मोडीत निघणार नाही, मशीन पडणार नाही. बायकोला म्हटलं, आज बाहेर जेवू. जेवता जेवता मेहुण्यालाही फोनवर समजावलं. त्याला काही कळलं नाही, पण अभिनंदन मनापासून केलं.

१८ मार्च
काहीच मोडीत निघत नसल्याने मेमरी भरून मशीन गुदमरलं. यात माझ्या उपायाचा दोष नाही, मेमरीच कमी दिलीय. सुचवलं की ग्राहकाने रोज मशीन बंद करून पुन्हा चालू करावं. साहेबांनी आठवण करून दिली की आपली मशीनं लिफ्ट चालवतात. बरं, मग जिने कशासाठी बांधतात?

२२ मार्च
मौनीबुवाने माझा भाग काढून मशीन चालवून बघितलं. मला न विचारता. चालतंय म्हणे. तो म्हणतो, ते मोजणीचं काम नवीन कर्नेल आपलं आपणच करतं. माझा कोड सध्या फक्त स्वतःच तयार केलेल्या वस्तू मोजत बसतो, आणि ती जादा वजाबाकीही तोच करतो. मी विचारलं, पण मोजतो ना?

चिंता नाही. आमच्याकडे नियम आहे: ज्याचा कोड, त्याच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही. बघतोच कोण काढतंय.

२५ मार्च, सकाळ
मुद्दाम रजा टाकली, म्हणजे माझ्यावाचून किती अडतं ते कळेल. मेलला आपोआप जाणारं उत्तर लावलं: मी रजेवर आहे, फारच तातडीचं असेल तर धीर धरावा. मग घरूनच सगळ्या कंपनीला मेल टाकला. माझा कोड कोणी वापरत असेल तर संध्याकाळपर्यंत कळवावं, एक जण जरी निघाला तरी कोडचा जीव वाचेल.

फोन हातात धरून बसलोय. मुलीने विचारलं, बाबा, बरं वाटत नाहीये का.

२५ मार्च, संध्याकाळ
एक उत्तर आलं. एक पुरे, आकडा शून्य नसला की झालं. घाईघाईने उघडलं. मी रजेवर असल्याचं उत्तर होतं. माझ्याच मेलला, माझंच.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बायको चहा ठेवून गेली.

२६ मार्च
मंजुरी दिली. कोड काढण्याच्या कारणात मौनीबुवाने लिहिलं होतं: ‘वापरणारं कोणी नाही.’ मी एकच सुधारणा सुचवली. सुरुवातीला ‘आता’ हा शब्द घालावा. त्याने लगेच घातला.