खाट भिंतीकडे

८ एप्रिल

पुण्याहून पार्सल आलं. संपादक बाईंनी नमुन्याची पुस्तकं पाठवलीत. लहान मुलांची, चित्रांची. विषय : माया, दयाळूपणा. अस्वल पिल्लाला कुशीत घेतं. ससा सशाला सांगतो, तू मला फार आवडतोस. पानोपानी बर्फ. बाहेर त्रेचाळीस अंश.

बाईंना असंच एक हवंय — ‘पण तुमच्याकडचं.’ बारा पानं, पानाला एखादं वाक्य. बारावीचे पेपर तपासून डोळे गेलेत. कमी शब्द लिहायचे म्हणून हो म्हटलं. कमी शब्दांना जास्त वेळ लागतो, हे वर्गात मीच सांगत असतो!

१० एप्रिल

चार पानं झाली. एक मूल केळीच्या बागेत जातं. चौथ्या पानावर : ‘केळीची पानं केसांना लागतात. घड डोळ्यांसमोर येतो.’

हे कुठून सुचलं, माहीत नाही. खरं वाटलं. ठेवलं.

११ एप्रिल

मयूरी पुस्तकं घेऊन बसली होती. साडेचार वर्षांची आहे, अजून वाचता येत नाही. चित्रांवर बोट फिरवते. एका पानावर बाप-अस्वलाने पिल्लाला उचलून घेतलंय. विचारलं, हे कोण?

“ललितकाका.”

आणि हे पिल्लू?

“मी.”

पुढचं विचारणार नव्हतो. तिनेच शोधलं. अस्वलाच्या मागे एक वाळकं झाड होतं. त्यावर बोट ठेवून म्हणाली, “पप्पा.”

तिची आई कामिनी दारात उभी होती. आत गेली.

१२ एप्रिल

आमच्याकडे वडिलांसमोर आपलं मूल उचलत नाहीत. भावाचं चालतं, शेजाऱ्याचंही चालतं. आपलं नाही. कोणी शिकवत नाही हे. लाज वाटते, एवढंच. आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, आता फार जण पाळत नाहीत. गावातला उमाकांत पोराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून बापासमोरून जातो. मला जमत नाही. शहाद्याला कॉलेजात आधुनिक साहित्य शिकवतो. घरी येतो, हात आपोआप खाली.

आणि आबा कायम समोर. केळीत घसरून कंबर मोडली तेव्हापासून ओसरीवरच्या खाटेवर आहेत. तिथून फाटक दिसतं, अंगण दिसतं, स्वयंपाकघराचं दार दिसतं. रात्री मयूरी आजीजवळ, माझ्या मायजवळ, झोपते. मग उरलं काय?

१५ एप्रिल

बाईंचा फोन. “चौथ्या पानावरचं मूल एवढं उंच कसं? केळीची पानं त्याच्या केसांना कशी लागतील?” खरंच. चूक असेल, म्हणालो.

“आणि वडील मिठी मारतात असं एक पान हवंच हं. नववं ठेवू.”

बघतो, म्हणालो.

१७ एप्रिल

नववं पान. लिहिलं, खोडलं.

१९ एप्रिल

धाकटा भाऊ ललित सुरतेला चाललाय. कापडाच्या दुकानात नोकरी लागली. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की निघणार. जेवताना मयूरी त्याच्या मांडीवर होती. मला म्हणाला, “भाऊ, तू पुस्तकमा मिठी लिख. आठलं काम मी करस ना!”

माय हसली. मीही हसलो.

“पन मी सुरत गऊ का मंग काय करशी? कुरिअरवरी धाडू का मिठी?”

कामिनी वाढत होती. मी आत आल्यावर म्हणाली, “तुमच्या पुस्तकातलं अस्वल बरं.”

२२ एप्रिल

संध्याकाळी मयूरी पुस्तक घेऊन आबांच्या खाटेवर चढली. तेच पान उघडून दाखवलं. “आबा, हाऊ दख. पिल्लूले उचली लिन्हं.” आबांनी चष्मा लावला. बराच वेळ चित्र पाहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. “जाय, खेळ.”

मी पेपर वाचत होतो. तसाच वाचत राहिलो.

२३ एप्रिल

घरी आलो तर खाट फिरलेली. आबांचं तोंड भिंतीकडे, पाठ अंगणाकडे. ललितकडून फिरवून घेतली म्हणे.

“आबा, ऊन लागस का?”

“नही.”

“मंग?”

“ऱ्हाऊ दे.”

कालच्या चित्राचा राग. दुसरं काय असणार? मुलगा असली पुस्तकं लिहायला लागला, नातीच्या हातात देतो. तोंड बघायची इच्छा नाही. न बोलता रागावायचं ही त्यांची रीतच.

२५ एप्रिल

अजून भिंतीकडेच. जेवणही तसंच. शेजारचे नवलकाका भेटायला आले, खाटेच्या मागे खुर्ची टाकून बसले. “चुनीलालभाऊ, भितडामा टीव्ही शे का रे?”

“टीव्हीपेक्षा बरं शे,” आबा म्हणाले. वळले नाहीत.

काका गेल्यावर मी पाणी नेऊन दिलं. तांब्या घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

२७ एप्रिल

बाईंना कळवलं — पुस्तक होणार नाही. दुसऱ्या कोणाला द्या.

दमलोय. पुस्तकामुळे नाही.

३० एप्रिल

अखाजी. माय आणि कामिनीने खापरावर मांडे केले. आमरस. ललितने निंबाला झोका बांधला. दिवसभर मयूरी त्याला झोका द्यायला लावत होती. “काका, अजून वर! काका, अजून!” आबांनी भिंतीकडे तोंड करूनच मांडा खाल्ला. मायला म्हणाले, “पोर भलती हसी ऱ्हायनी आज.” झोका कोण देतंय ते विचारलं नाही.

२ मे

ललित गेला. मयूरीने त्याच्या पायाला मिठी घातली, सोडेना. कामिनीने बोटं सोडवली. मोटारसायकल वळली तशी ती फाटकाला धरून रडायला लागली. श्वास अडकेपर्यंत. माय घरात, कामिनी फाटकात वाकून समजावतेय. मी तीन पावलांवर. तीन पावलं!

तेवढ्यात आबा खोकले. थांबले. पुन्हा खोकले, मोठ्याने. त्यांना गोंगाट सहन होत नाही.

मी म्हणालो, “चूप मयूरी. आबांना त्रास होतोय.”

ती लगेच गप्प झाली. इतक्या लवकर मूल गप्प होऊ नये.



३ मे

माय गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. एक चादर धरायला गेलो. मला पाहिलं आणि एकदम म्हणाली, “काल तो खोकलना, ते तुले समजनं नही?”

काय समजायचं?

“आरे, ‘मन्ही पाठ शे, उचल तिले!’ आखो कसं सांगाव त्यानी? इतला दिन भितडाकडे तोंड करी पडेल शे. कोनासाठे? तुन्हासाठे! आनि तू खांबना मायक उभा!”

मी म्हणालो, मला वाटलं रागावलेत.

“राग!” मायने कुरडई उलटी केली. “दख, तुन्हा आजा जित्ता व्हता तवय हाऊबी खांबच व्हता. घरमा तुले कधी हात लावा नही त्यानी. पन रोज केळीस्मा लई जाये. तठे खांदावर बसाडे. तठे कोन दखस?”

मला आठवत नाही, म्हणालो.

“तू न्हाना व्हता, दोन वरीसना. तुले कसं याद ऱ्हाई?”

चादरीची टोकं धरून उभा राहिलो. केळीची पानं केसांना लागतात. घड डोळ्यांसमोर येतो. मूल एवढं उंच कसं, बाईंनी विचारलं होतं.

खाली उतरलो. ओसरीवर आबांची पाठ. बनियनला घामाचा डाग. चुना उडालेल्या त्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही. मी नीट पाहिलं.

४ मे

बाईंना फोन केला. पुस्तक देतो, म्हणालो. चौथं पान बरोबर आहे. मुलाच्या खाली एक माणूस आहे, तो लिहायचा राहिला. चित्रात घ्या. चेहरा दिसला नाही तरी चालेल, पानांआड असू दे. नवव्या पानाची गरज नाही.

“मग मिठी?”

तीच ती, म्हणालो.

मयूरीला अजून उचललेलं नाही. पाठ फिरलेली आहे, फाटक बंद आहे, कोणी बघत नाही. पण असं उचललं तर आबा रोज भिंत बघत पडणार. त्यांना केळीत जावं लागलं. मला त्यांनी ओसरीच रिकामी करून दिली. यापुढे काही करायचं ते मीच.

५ मे

सकाळी खाट परत अंगणाकडे फिरवली. मी आणि कामिनी, दोघांनी. आबा म्हणाले, “आते कसाले?”

अंगणात गेलो. मयूरीला उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड आहे. आधी तिने अंग ताठ धरलं. मग डोकं खांद्यावर टेकवलं.

आबांनी डोळे मिटून घेतले.

पूर्ण नाही.